आरक्षण रद्द झाले नाही, ते लागू होणारी जागाच गायब झाली

यवतमाळमधल्या एका शासकीय कार्यालयात आपल्या समाजाचा एक तरुण सहा वर्षांपासून संगणक चालक म्हणून काम करतो. बी.कॉम. आहे, एमएस-सीआयटी आहे, मराठी-इंग्रजी टायपिंगही झाले आहे. सकाळी पावणेदहाला तो खुर्चीवर असतो. साहेबांची पत्रे तोच टाइप करतो. अधिवेशनाच्या काळात विधानसभेचा प्रश्न आला की रात्री दहापर्यंत माहिती जुळवत तोच बसतो. पण त्याच्या पगाराच्या कागदावर शासनाचे नाव नाही. तिथे मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका एजन्सीचे नाव आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र त्याने लॅमिनेट करून कपाटात ठेवले आहे. या नोकरीसाठी ते कोणी मागितलेच नाही.

मागे भेटला तेव्हा त्याने विचारले, "दादा, आरक्षण गेलं का हो?"

मी म्हणालो, "नाही, कायदा आहे तसाच आहे."

"मग मला ते दिसत का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीने नीट शोधलेले नाही. 'आरक्षण धोक्यात आहे' असे आपण चाळीस वर्षे म्हणतो आहोत. मोर्चे निघतात, तिरंगा चौकात धरणे होतात, निवेदने जातात. पण आरक्षण रद्द करण्याची भाषा आज कोणताही मोठा पक्ष उघडपणे करत नाही, कारण तशी गरजच उरलेली नाही. आरक्षणाची टक्केवारी तशीच ठेवायची आणि ती ज्या जागांना लागू होते त्या जागा मात्र एकेक करून दुसऱ्या नावाने भरायच्या, हा आजचा मार्ग आहे. तेरा टक्के कायम आहेत, पण ते कशाचे तेरा टक्के, हा प्रश्न विचारावा लागतो.

जागा कशी गायब होते

आपल्या घरांचा इतिहास आठवा. विदर्भातल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांत पहिली सरकारी नोकरी शिपायाची, चौकीदाराची किंवा सफाई कामगाराची होती. आजोबा तहसीलमध्ये शिपाई, वडील जिल्हा परिषदेत लिपिक किंवा शिक्षक, आणि नात इंजिनिअर किंवा अधिकारी. तीन पिढ्यांची ही शिडी होती आणि तिची पहिली पायरी चतुर्थ श्रेणीची होती. आज नेमकी तीच पायरी काढून घेतली जाते आहे. आकृतिबंध सुधारला की चतुर्थ श्रेणीची पदे कमी होतात आणि 'सेवा बाह्यस्रोताद्वारे घ्यावी' असे लिहिले जाते. शिपाई, पहारेकरी, स्वच्छक, वाहनचालक हे सगळे ठेकेदारामार्फत येतात. त्यानंतर डेटा एन्ट्री ऑपरेटर आणि लिपिकाचे कामही त्याच वाटेने जाते.

यात बिंदुनामावलीचे काय होते ते समजून घ्या. मंजूर पद भरले जाते तेव्हाच शंभर बिंदूंच्या नामावलीत पुढचा बिंदू वापरला जातो. विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्ष तो तपासतो आणि आपला अनुशेष असेल तर तो तिथे दिसतो. एजन्सीचा माणूस आला की कोणताच बिंदू वापरला जात नाही. पद एकतर रिक्त दिसते, नाहीतर रद्द झालेले असते. त्यामुळे अन्याय झाल्याची नोंदसुद्धा कागदावर होत नाही. जुना अधिकारी आपली जागा दुसऱ्याला द्यायचा तेव्हा त्याला नियम मोडावा लागत असे आणि आपण तक्रार करू शकत होतो. आता मोडायला नियमच शिल्लक ठेवलेला नाही.

२०२३ साल आठवा. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त ७५ हजार पदे भरण्याची घोषणा झाली होती आणि त्याच काळात, ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने, नऊ खासगी एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा मार्ग खुला झाला. राज्यभर तरुण रस्त्यावर आले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द करत असल्याचे जाहीर केले. तो विजय होता, पण अपुरा. नऊ एजन्सींचा निर्णय गेला, कार्यालयाकार्यालयात निविदा काढून माणसे घेण्याची पद्धत राहिली. आपण मोठे दार बंद केले आणि समाधानाने घरी गेलो. खिडक्या उघड्याच होत्या.

पुढे जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी पास तरुणाला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. आधी सहा महिने, नंतर मुदत वाढवून अकरा महिने. शाळा, ग्रामपंचायत, पंचायत समिती येथे आपली शेकडो मुले-मुली 'प्रशिक्षणार्थी' म्हणून काम करून आली. काम तेच, पण नाव प्रशिक्षण, म्हणून ती नेमणूक नाही. नेमणूक नाही म्हणून आरक्षण नाही, आणि मुदत संपली की काहीच नाही.

पदोन्नतीचीही कथा वेगळी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द केला. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतील ३३ टक्के आरक्षित जागा बाजूला ठेवून सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचा आदेश दिला. त्यानंतर किती माणसे त्याच खुर्चीवरून निवृत्त झाली हे आपल्या प्रत्येक कर्मचारी संघटनेला ठाऊक आहे. खाली शिरता येत नाही आणि वर चढता येत नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

"कोणते मेश्राम तुम्ही?"

आता कोणी म्हणेल, सरकारी नोकरीच्या मागे का लागता? खासगी क्षेत्रात जा, तिथे गुणवत्ता चालते.

खासगी क्षेत्रात काय चालते ते तपासून पाहिले गेले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावाचा: काही नावे उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही मुस्लिमांची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाची सुमारे एक तृतीयांश. मुलाखत झालेली नव्हती, कोणी तोंड पाहिलेले नव्हते. कागदावरच्या नावानेच निकाल लावला.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांत माणसे निवडणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून एक अभ्यास केला. सगळे म्हणत होते, आम्ही जात पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो. मात्र त्याच मुलाखतींत 'कौटुंबिक पार्श्वभूमी' फार महत्त्वाची असल्याचेही तेच सांगत होते. वडील काय करतात, घरात किती शिकलेले आहेत, वाढलात कुठे. जातीचे नाव घ्यावेच लागत नाही.

यवतमाळात तर हे आणखी सोपे आहे. आडनाव कळले की गाव विचारायचे, गाव कळले की वस्ती कळते. मेश्राम म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला: "कोणते मेश्राम तुम्ही?" कारण मेश्राम बौद्धांत आहेत आणि गोंडांतही आहेत. विचारणाऱ्याला दोन्हींतला फरक माहीत असतो आणि दोन्हींचे काय करायचे हेही माहीत असते. भाड्याची खोली शोधताना हा प्रश्न ऐकलेला नाही असा विद्यार्थी आपल्यात विरळा.

विशेषाधिकार म्हणजे फक्त पैसा नव्हे. ज्याचा मामा ठेकेदाराला ओळखतो, ज्याचे काका संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत, ज्याला जाहिरात येण्याआधीच जागा निघणार असल्याचे कळते, तो विशेषाधिकारी आहे. त्याला ते 'आरक्षण' वाटत नाही, 'ओळख' वाटते. आपल्या मुलाला दाखला दाखवून जागा मिळते, त्याला आडनाव दाखवून मिळते. फरक एवढाच की आपला दाखला पडताळणी समितीकडे जातो आणि त्याच्या ओळखीची पडताळणी कधीच होत नाही.

वरच्या टोकाचे चित्रही पाहा. भारतातील हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९३ टक्के संचालक उच्च जातींचे आढळले. अनुसूचित जाती-जमातींचे मिळून ३.५ टक्के होते. एवढी एकजातीयता असलेल्या ठिकाणाला 'गुणवत्तेचे क्षेत्र' म्हणायचे आणि बिंदुनामावलीने भरलेल्या कार्यालयाला 'जातीयवादी' म्हणायचे, ही भाषा आपण का मान्य करावी?

२००६ मध्ये खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा उद्योगांच्या संघटनांनी कायदा टाळून 'स्वेच्छेने' पावले उचलण्याची आचारसंहिता पुढे केली. त्या स्वेच्छेला आता दोन दशके होत आली. ज्या कारखान्याच्या दारावर आपली मुले आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन उभी असतात, तिथे त्या आचारसंहितेचे नावही कोणी ऐकलेले नाही.

कायद्यात काय लिहिले आहे

आता मूळ मुद्द्यावर येतो. 'खासगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा करा' ही आपली जुनी मागणी आहे. पण महाराष्ट्राच्या कायद्याच्या पुस्तकात या मागणीचा मोठा भाग आधीच लिहिलेला आहे आणि आपण तो वापरलेला नाही.

महाराष्ट्र राज्य लोकसेवा आरक्षण अधिनियम, २००१. हा कायदा २९ जानेवारी २००४ पासून लागू आहे. अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, आणि विमुक्त-भटके, विशेष मागास प्रवर्ग व इतर मागासवर्ग धरून एकूण ५२ टक्के, ही टक्केवारी याच कायद्यात आहे. (जिल्हास्तरीय गट क आणि ड पदांसाठी ज्या आठ जिल्ह्यांना वेगळी टक्केवारी आहे त्यांत यवतमाळ आहे.) टक्केवारी सगळ्यांना पाठ असते. व्याख्या कोणी वाचत नाही.

पहिली गोष्ट. हा कायदा कशाला लागू नाही, याची यादी कलम ३ मध्ये आहे. अतिविशेष पदे, बदली-प्रतिनियुक्तीची पदे, एकाकी पद आणि '४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका'. म्हणजे ४५ दिवस किंवा त्याहून जास्त काळाची तात्पुरती नेमणूक कायद्याच्या आत येते. अकरा महिन्यांचा करार कोणत्या हिशोबाने ४५ दिवसांपेक्षा कमी होतो?

दुसरी गोष्ट. 'आस्थापना' या शब्दाच्या व्याख्येत शासकीय कार्यालये, स्थानिक संस्था, विद्यापीठे, शासनाचे भागभांडवल असलेल्या कंपन्या आणि सहकारी संस्था येतात. त्यात 'शासन अनुदानित संस्था'ही आहेत आणि त्यांचे स्पष्टीकरण फार महत्त्वाचे आहे. ज्या संस्थांना किंवा उद्योगांना शासनाने सवलतीच्या दरात जमीन दिली आहे, इतर आर्थिक सवलती दिल्या आहेत, किंवा ज्या शासनाच्या मान्यतेखाली, परवान्याखाली, देखरेखीखाली किंवा नियंत्रणाखाली आहेत, त्याही यात धरल्या आहेत. कायद्याने 'उद्योग' हा शब्द स्पष्ट वापरला आहे.

तिसरी गोष्ट. कलम ३ असेही सांगते की अशी मदत देण्याचा करार करताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना शासनाने या कायद्याचे पालन करण्याची अट करारात घालायची आहे. ही जबाबदारी कायद्याने थेट शासनावर टाकली आहे.

अंमलबजावणी टाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कायद्यात शिक्षेचीही तरतूद आहे. वीस वर्षांत ती वापरण्याचा आग्रह आपल्यापैकी किती जणांनी धरला, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

लोहारा, वणी आणि मुकुटबन

आता हा कायदा हातात घेऊन आपला जिल्हा पाहा. २०११ च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. त्यात अनुसूचित जाती सुमारे १२ टक्के आणि अनुसूचित जमाती सुमारे साडेअठरा टक्के. म्हणजे दर दहा माणसांत तीन या दोन वर्गांतली.

यवतमाळ शहराजवळ लोहाऱ्याची एमआयडीसी आहे. झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला आहे. वणी परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. खाणीतील नियमित पदांना केंद्राचे आरक्षण लागू आहे. पण माती काढणे, वाहतूक, सुरक्षा अशी कामे ठेक्याने जातात तेव्हा ठेकेदाराच्या हजेरीपटाला कोणतीच बिंदुनामावली नसते. जमीन गेलेला कोलाम किंवा बौद्ध शेतमजूर त्याच खाणीवर ठेकेदाराकडे रोजाने लागतो.

उद्योगांना शासन काय देते? एमआयडीसीत भूखंड देते. सामूहिक प्रोत्साहन योजनेतून करपरतावा, विद्युत शुल्कात सूट, मुद्रांक शुल्कात माफी देते, आणि विदर्भासारख्या मागास भागात या सवलती जास्त असतात. भाग मागास आहे म्हणून सवलत मिळते. मग त्याच भागातल्या मागासवर्गीयांना नोकरीत वाटा का मागू नये?

यावर उत्तर येते की उद्योगांवर अशा अटी घालता येत नाहीत. पण अटी तर घातल्या जातात. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, ही अट महाराष्ट्रात जुनीच आहे आणि मंत्री ती विधिमंडळात अभिमानाने सांगतात. 'मराठी माणसाला नोकरी' ही अट चालते. त्या मराठी माणसांतला बौद्ध, आदिवासी, भटका यांचा वाटा विचारला की मात्र गुंतवणूक पळून जाण्याची भीती दाखवली जाते. स्थानिक म्हणजे कोण, हे ठरवण्याचा अधिकार ठेकेदाराकडे गेला की तो आपला भाचाच नेमतो आणि ८० टक्क्यांचा आकडाही पूर्ण होतो.

जिल्हा बँकांचा धडा

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात काय घडले ते यवतमाळच्या तरुणांनी लक्षात ठेवावे. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने लिपिक २६१ आणि शिपाई ९७ अशा ३५८ पदांची भरती काढली. तिच्यात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, कोणाचेच आरक्षण ठेवले नव्हते. २०२५ च्या सुरुवातीला त्याविरुद्ध उपोषणे झाली, भरतीच्या पद्धतीवरही गंभीर आरोप झाले. अशा वेळी 'बँकेत शासनाचे भागभांडवल नाही, म्हणून आरक्षण लागू नाही' हे उत्तर ऐकवले जाते.

हे उत्तर व्याख्येचा अर्धाच भाग वाचते. भागभांडवल हा एक निकष आहे. परवाना, देखरेख आणि नियंत्रण हा दुसरा आहे. जिल्हा बँक सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालते, शासनाच्या कर्जमाफीचे आणि पीककर्जाचे पैसे तिच्यातून जातात, गरज पडली तर शासन तिच्यावर प्रशासक नेमते. एवढे नियंत्रण असलेली संस्था नोकरभरतीच्या वेळी एकदम 'खासगी' कशी होते? आपल्या जिल्ह्यातही मध्यवर्ती बँक आहे, पतसंस्था आहेत, बाजार समित्या आहेत, सूतगिरण्या आहेत. जाहिरात निघाल्यावर ओरडण्यापेक्षा जाहिरात निघण्याआधी लेखी विचारणे शहाणपणाचे.

समोरचा काय म्हणेल

आपली बाजू मांडताना समोरच्याची बाजू माहीत हवी. तीन आक्षेप येतील.

पहिला, एजन्सीचा कर्मचारी हा शासनाचा कर्मचारी नाही, म्हणून ती लोकसेवेतील नेमणूकच नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा २० डिसेंबर २०२४ चा जग्गो विरुद्ध भारत सरकार हा निकाल वाचा. न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्ना वराळे यांचे ते खंडपीठ होते. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे साफसफाई आणि बागकाम करणाऱ्या कामगारांचे ते प्रकरण. न्यायालयाने त्यांना नियमित करण्याचा आदेश दिला. कायमस्वरूपी काम तात्पुरत्या नावाखाली करून घेण्यावर आणि जबाबदारी टाळण्यासाठी बाह्यस्रोताची ढाल करण्यावर कडक ताशेरे ओढले. काम कायम असेल तर नाव बदलून हक्क मारता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. शिवाय ४५ दिवस आणि त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांत आरक्षण देण्याच्या सूचना केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसे सांगितले. कंत्राटी पदांना आरक्षण देता येते याचा पुरावा तर घराजवळच आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती उघडा, प्रवर्गनिहाय जागा छापलेल्या दिसतील.

दुसरा आक्षेप, खासगी उद्योगावर सक्ती घटनाबाह्य ठरेल. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांना देण्याचा कायदा केला होता, तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी रद्द केला. हा आक्षेप गंभीर आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पण तो कायदा सरसकट सगळ्या खासगी मालकांवर होता आणि निकष जन्मस्थानाचा, रहिवासाचा होता. महाराष्ट्राचा कायदा मदत घेणाऱ्याला अट घालतो. ज्याला अट नको त्याने सवलत घेऊ नये. जनतेचा पैसा, जनतेची जमीन घेताना सरकार जवळचे वाटते आणि जनतेला नोकरी देताना स्वातंत्र्य आठवते, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

तिसरा आक्षेप, गुणवत्ता. त्याचे उत्तर थोरातांच्या ४,८०८ अर्जांनी दिले आहे.

बाबासाहेबांनी कंत्राटाचाही प्रश्न विचारला होता

हा विषय आपल्याला नवा वाटतो, पण तो नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा ओढण्यासाठी धोट्याला तोंड लावावे लागे. विणकाम खात्याचा पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. सगळे कामगार एक आहेत म्हणता, मग हा कामगार त्या खात्यात का नाही? १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आज एजन्सीच्या कार्यालयात हे दोन्ही एकाच टेबलावर बसलेले दिसतात.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी सरकारी नोकऱ्यांतील वाटा मागितला. त्याबरोबर सार्वजनिक बांधकाम खात्याची कंत्राटे कोणाला मिळतात हाही प्रश्न मांडला. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागांचा आदेश निघाला. नोकरी आणि कंत्राट या एकाच सत्तेच्या दोन बाजू आहेत हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आपण नोकरीची बाजू धरून बसलो आणि सत्ता कंत्राटाच्या बाजूला सरकली.

बौद्धांना हे विशेष लक्षात ठेवायला हवे. धर्मांतरानंतर राज्यात सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० उजाडले. तेहतीस-चौतीस वर्षे आपण दारात उभे होतो. दार उघडल्यावर पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, खासगीकरणाचे धोरण आले. आपली पहिली पिढी आत गेली आणि दुसऱ्या पिढीसाठी खोल्या विकल्या जाऊ लागल्या.

वाटणीच्या भांडणात जागा विसरू नका

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. महाराष्ट्राने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. या विषयावर आपल्यात मतभेद आहेत, ते मोकळेपणाने मांडावेत. मातंग, चर्मकार, वाल्मीकी बांधवांच्या मागासलेपणाचा प्रश्न खरा आहे, तो नाकारणे बाबासाहेबांच्या विचारात बसत नाही. पण भाकरीचे तुकडे कसे करायचे यावर भांडताना भाकरीच लहान होते आहे, याकडे दोघांचेही लक्ष नाही. एजन्सीच्या भरतीत ना बौद्धाला तेरा टक्के आहेत, ना मातंगाला.

आदिवासींचेही तसेच. खोट्या दाखल्यांवर त्यांच्या जागा बळकावल्या गेल्या. ६ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा नोकऱ्यांना संरक्षण नाही असे स्पष्ट सांगितले. तरी २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने त्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर सामावून घेतले. यवतमाळात गोंड, कोलाम, परधान, आंध यांची संख्या आपल्यापेक्षा जास्त आहे. त्यांना सोबत न घेता या जिल्ह्यात कोणतीच लढाई जिंकता येणार नाही.

आता काय करायचे

भाषणे पुरेशी झाली. माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून प्रश्न नेमके हवेत:

१. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, नगर परिषद: आपल्या कार्यालयात बाह्यस्रोताद्वारे घेतलेले कर्मचारी किती, कोणत्या पदाच्या कामासाठी, कधीपासून, कोणत्या एजन्सीमार्फत? कराराची प्रत द्यावी.

२. त्याच कार्यालयांना वेगळा अर्ज: गट क आणि ड ची मंजूर, भरलेली, रिक्त आणि रद्द केलेली पदे किती? मागासवर्ग कक्षाने तपासलेल्या शेवटच्या बिंदुनामावलीची प्रत द्यावी.

३. एमआयडीसी आणि जिल्हा उद्योग केंद्र: भूखंड किंवा सवलती देताना केलेल्या करारांत २००१ च्या आरक्षण अधिनियमाच्या पालनाची अट आहे का? अट असलेल्या करारनाम्याची नमुना प्रत द्यावी.

४. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था: जिल्ह्यातील सहकारी बँका आणि संस्थांच्या मागील भरतीत आरक्षण लागू केले होते का, नसल्यास कोणत्या आदेशाने?

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. सोळा तालुक्यांत प्रत्येकी पाच तरुणांनी हे चार अर्ज टाकले तर काही महिन्यांत या जिल्ह्याचा असा दस्तऐवज तयार होईल जो आज कोणत्याच आमदाराकडे नाही. त्याच्या आधारे निवेदन द्या, आमदारांकडून प्रश्न विचारून घ्या, गरज पडली तर वकील बांधवांनी नागपूर खंडपीठात जावे. कर्मचारी संघटनांनीही पदोन्नतीपुरते न थांबता एजन्सीच्या पोरांना सदस्य करून घ्यावे. ज्या शिडीने आपण चढलो तिची खालची पायरी तुटत असताना वरून पाहत बसणे बरे नाही.

त्या संगणक चालकाने पहिला अर्ज लिहून आणला. नोकरी जाईल म्हणून स्वतःच्या नावाने टाकायला घाबरत होता. मी म्हणालो, माझ्या नावाने टाकू. अर्जात १५० च्या वर सात शब्द होते, दोघांनी बसून ते कापले. मग त्यानेच तो टाइप केला. इतके दिवस साहेबांची उत्तरे टाइप करणारा माणूस पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न टाइप करत होता.

जय भीम.